बिग रेडचा हिशेब

१९५६ हे लीप वर्ष. त्यातल्या ३६६ रात्रींपैकी ३४२ रात्री अमेरिकेतला कृष्णवर्णीय ब्लूज गायक आणि गिटारवादक बी. बी. किंग कुठल्या ना कुठल्या गावात गळ्यात गिटार अडकवून उभा होता. उरल्या चोवीस. ब्लूजवर दोन ओळी लिहिणारा जो तो हा आकडा देतो, आणि देताना त्याचा आवाज भक्तिभावाने जड होतो. मला मात्र हा आकडा पाहिला की पगारपत्रक दिसतं. डझनभर वादक, ड्रायव्हर, सामानाची चढउतार करणारी माणसं, इंधन, टायर, इस्त्रीचे कोट. घरी बसलेली रात्र म्हणजे तोट्याची रात्र.

किंगच्या गिटारीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सातल्या ट्विस्ट नावाच्या खेड्यात, नाचाच्या खोलीत ऊब यावी म्हणून पिंपात रॉकेल पेटवून ठेवलं होतं. दोघं जण मारामारी करत त्यावर आदळले, आग लागली, सगळे बाहेर पळाले, आणि किंग तीस डॉलरच्या गिटारीसाठी परत आत शिरला. भांडण ल्यूसिल नावाच्या बाईवरून होतं असं नंतर कळलं, म्हणून त्याने गिटारीचं नाव ल्यूसिल ठेवलं. गोष्ट छानच आहे. पण गिटार जळाली असती तर तीस डॉलरला दुसरी आली असती. त्याला खरं बुडवलं ते त्याच्या बसने. १९५५ मध्ये घेतलेली ही बस, नाव बिग रेड. १९५८ मध्ये टेक्सासात तिला अपघात झाला आणि त्याचे पैसे तो पुढे कित्येक वर्षं फेडत बसला. फिरत्या ब्लूजवाल्याचा धंदा कशावर उभा असायचा आणि कुठे फसायचा, ते या एका बसमधून जेवढं नीट दिसतं तेवढं दहा चरित्रं वाचून दिसत नाही.

आधी एक ट्रॅक्टर

रायली किंगचा (बी. बी. हे नाव पुढे पडलं) जन्म १६ सप्टेंबर १९२५ चा, मिसिसिपीच्या डेल्टा भागात इट्टा बेना गावाजवळचा. कापसाचा मुलूख. गोऱ्या मालकाची जमीन अर्धेलीने कसायची, वर्षअखेर मालकाच्याच वहीत हिशेब बघायचा आणि बहुतेक वर्षी देणंच निघालेलं असायचं, अशी तिथली रीत. विशीत तो इंडियानोलाजवळच्या एका मोठ्या कापूसमळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. ते मानाचं काम होतं, आणि जड वाहन हाकण्याचा त्याला सरावही होता.

१९४६ मध्ये एका संध्याकाळी तो ट्रॅक्टर बंद करून खाली उतरला. इंजिन पुरतं थांबलेलं नव्हतं. ट्रॅक्टरने हिसका घेतला, तो गोठ्याच्या छपराखाली घुसला आणि धुराचं नळकांडं मोडलं. मालक काय म्हणेल या भीतीने किंगने गिटार उचलली आणि खिशातल्या अडीच डॉलरांवर थेट टेनेसीतलं मेम्फिस शहर गाठलं. तिथे आईच्या नात्यातला बुका व्हाइट होता, तोही ब्लूज गाणारा. काही महिने त्याच्याकडे राहून किंग परत मळ्यावर आला, मालकाला भेटला, पुन्हा ट्रॅक्टरवर बसला आणि नुकसानीचे पैसे फेडले. त्यानंतर १९४८ मध्ये तो कायमचा मेम्फिसला गेला.

पळून जायचं, मग परत येऊन पैसे भरायचे. या माणसाचा स्वभाव एवढ्यात सांगून होतो. बारा वर्षांनी बस ठोकली तेव्हा पळण्याचा टप्पाही त्याने गाळला.

रेकॉर्डचा पैसा कुठे गेला

मेम्फिसमध्ये डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्रावर त्याला काम मिळालं. पेप्टिकॉन नावाच्या टॉनिकची जाहिरात गायची, मग रेकॉर्ड वाजवायच्या. ‘बील स्ट्रीट ब्लूज बॉय’चं आखडत आखडत बी. बी. झालं ते इथेच. १९५१ मध्ये मेम्फिसच्या वायएमसीएच्या इमारतीत तात्पुरता रेकॉर्डिंगचा सरंजाम मांडून ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’ ध्वनिमुद्रित झालं, आणि १९५२ मध्ये ते कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. आठवड्याला ८५ डॉलर कमावणारा हा माणूस एकदम अडीच हजारांवर गेला, असं सांगतात.

हे अडीच हजार रेकॉर्डचे नव्हेत, ही कार्यक्रमांची बिदागी. हा फरक कळला नाही तर पुढचं काहीच कळत नाही. रेकॉर्ड कंपनी बिहारी बंधूंची (आडनाव वाचून कान टवकारू नका, हे हंगेरियन ज्यू कुटुंब). त्यांची पद्धत अशी, की गाण्याच्या श्रेयनामावलीत किंगच्या शेजारी टॉब, जोसीया, लिंग अशी नावं यायची. ही माणसं नव्हतीच. बिहारी भावांनीच ही टोपणनावं घेतली होती. गीतकाराच्या मानधनातला वाटा त्या नावांवर वळता व्हायचा. ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’वरही किंग आणि टॉब अशी नावं आहेत, आणि गंमत म्हणजे ते गाणं मुळात लोवेल फुलसनचं. पुढे याच कंपनीने किंगच्या लाँगप्ले तबकड्या स्वस्त मालिकेत काढल्या आणि किराणा दुकानातल्या फळीवरून विकल्या. विक्री भरपूर, गायकाच्या हातात चिल्लर.

म्हणजे रेकॉर्ड ही जाहिरात, आणि पोट भरायचं ते रस्त्यावर. आपल्याकडचा फडमालक जे यात्रांच्या सुपाऱ्यांवर करतो, तेच.

रस्ता

हा रस्ता कसा होता ते जरा जवळून बघायला हवं. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी चालणारी नाचगृहं, थिएटर आणि रस्त्याकडेचे गुत्ते यांची एक साखळी दक्षिणेपासून शिकागो-न्यूयॉर्कपर्यंत पसरली होती. तिला ‘चिटलिन सर्किट’ म्हणत. चिटलिन म्हणजे डुकराची आतडी, गरिबाघरचं खाणं. वरच्या टोकाला हार्लेमचं अपोलो, वॉशिंग्टनचं हॉवर्ड, बाल्टिमोरचं रॉयल, शिकागोचं रीगल. तिथे आठवडाभर मुक्काम असायचा. खालच्या टोकाला पत्र्याच्या शेड, तंबाखूची गोदामं, गावाबाहेरचे जूक जॉइंट, म्हणजे नाचगाण्याचे गुत्ते. तिथे एकच रात्र. ३४२ मधल्या बहुतेक रात्री याच.

आधी न्यूयॉर्कची एक एजन्सी आणि पुढे ह्यूस्टनची बफलो बुकिंग एजन्सी त्याच्या तारखा लावायची. बफलोचा कारभार इव्हलिन जॉन्सन नावाची बाई बघायची. जॉनी एस, बिग मामा थॉर्नटन, ज्युनियर पार्कर, बॉबी ब्लँड हे सगळे तिच्याच वहीतले. नकाशावर गावं जोडत जायची, मधली रात्र रिकामी राहू द्यायची नाही, आणि दोन मुक्कामांत इतकंच अंतर ठेवायचं की बस रात्रभरात पोहोचेल. गावचा ठेकेदार आधी इसार पाठवायचा, उरलेली रक्कम कार्यक्रमाच्या रात्री. कधी ठरीव बिदागी, कधी दारावरच्या गल्ल्यात टक्का. पाऊस पडला किंवा पगाराचा शनिवार नसला तर गल्ला बसायचा. ठेकेदार मागच्या दाराने पसार झाल्याच्या गोष्टी या धंद्यात प्रत्येकाकडे असतात.

आणि हे सगळं गोऱ्याकाळ्यांच्या वेगळ्या नळांच्या मुलखात. हॉटेलात खोली नाही. उपाहारगृहात मागच्या खिडकीतून कागदात बांधून मिळेल ते. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या पोस्टमनने १९३६ पासून एक वार्षिक पुस्तिका काढली होती, ‘ग्रीन बुक’. काळ्या प्रवाशाला कुठे झोपता येईल, कुठे जेवता येईल त्याची यादी. तिच्यात ज्या गावाचं नाव नसेल तिथे बसच्या सीटवर झोपायचं. पेट्रोल घ्यायचं तरी संडासाची चावी मिळेलच असं नाही. १९५२ मध्ये मिसिसिपीतले डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांनी यावर मोहीमच काढली: जिथे संडास वापरू देत नाहीत तिथे पेट्रोल घेऊ नका. हजारो मोटारींच्या मागे तशी पट्टी चिकटली. मोठ्या टाकीची बस असली की या बहिष्काराला वजन यायचं. गिऱ्हाईक म्हणून एका मोटारीला कुणी विचारत नसे, बसला विचारावं लागे.

म्हणून बस. सुरुवातीला किंगकडे एक-दोन मोटारीच होत्या. मेम्फिसचा बॉबी ब्लँड नावाचा तरुण तेव्हा त्याची वरकामं करायचा, गाडी चालवायचा. पुढे तो स्वतःच मोठा गायक झाला. १९५५ मध्ये किंगने आपला वाद्यवृंद उभा केला आणि बिग रेड घेतली. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम, सगळं आपलं. बस म्हणजे खोली, स्वयंपाकघर, कपडे बदलायची जागा आणि जुगाराचा अड्डासुद्धा. गावात शिरली की पोरं मागे धावायची, म्हणजे फुकटची दवंडीही.

पण त्या दिवसापासून किंग गायकाबरोबर मालकही झाला. आजारी पडायची चैन गेली. हीच ती ३४२ ची मेख. एकटा गिटारवाला महिनाभर झोपून राहू शकतो. बस उभी राहिली तरी खात राहते.

शनिवार

१९५८ मध्ये टेक्सासात बिग रेड एका पुलावर इंधनाच्या टँकरला धडकली. आग लागली. टँकरमधली माणसं गेली. किंग त्या दिवशी बसमध्ये नव्हता. त्याचे वादक वाचले. बातमी कळली तेव्हा पहिला सुस्कारा त्याने त्यांच्यासाठी टाकला असणार, आणि मग कागद काढले असणार.

कागदांनी घात केला. ज्या कंपनीचा विमा होता तिचं काम नुकतंच सरकारने थांबवलं होतं. शनिवार-रविवार मधे आलेला, दुसरा विमा उतरवायला वेळच मिळाला नाही, आणि नेमक्या त्याच फटीत अपघात झाला. आमच्याकडे ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणतात. इथे महिनाही नव्हता, दोन दिवस होते. गेलेल्या माणसांची भरपाई, टँकरचं नुकसान, स्वतःची जळालेली बस, सगळं किंगच्या डोक्यावर आलं.

मला इथे राहून राहून एक गोष्ट दिसते. किंगने काहीही निष्काळजीपणा केला नव्हता. विमा उतरवला होता, हप्ते भरले होते. मळ्यावरच्या वहीत जसं पीक चांगलं येऊनही देणं निघायचं, तसंच हे. फरक इतकाच, की या वेळी मालकाच्या जागी तो स्वतः होता आणि त्याच्या हाताखाली डझनभर कुटुंबं होती.

त्याच वर्षी जूनमध्ये त्याचं दुसरं लग्न झालं. वधू स्यू कॅरल हॉल. तिची आई इंडियानोलातल्या क्लब एबनीची मालकीण, म्हणजे सासरही याच सर्किटवरचं. डेट्रॉइटमध्ये लग्न लावलं ते रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांनी, गायिका अरीथाच्या वडिलांनी. नवऱ्यामुलाच्या नावावर बस, वाद्यवृंद आणि डोंगराएवढं कर्ज.

काय करता आलं असतं

अशा वेळी फिरत्या कलावंतापुढे तीन-चार वाटा असायच्या, आणि प्रत्येक वाटेने त्या काळात कुणी ना कुणी गेलेलं आहे.

रॉक अँड रोलवाल्या चक बेरीची वाट सगळ्यात व्यवहारी. एकट्याने गिटार घेऊन जायचं, ज्या गावात कार्यक्रम तिथल्या ठेकेदाराने स्थानिक वादक द्यायचे, आणि स्टेजवर चढण्याआधी पैसे रोख मोजून घ्यायचे. ना बस, ना पगार, ना विमा. संगीताचं काय व्हायचं ते त्या त्या गावच्या ड्रमवाल्याच्या हातात. ब्लूज गाणाऱ्या कितीतरी जणांनीही असंच निभावलं. मेम्फिस स्लिम १९६२ मध्ये पॅरिसला जाऊन राहिला आणि अमेरिकेचा रस्ताच त्याने सोडला. शिकागोच्या हाउलिन वुल्फने वाद्यवृंद ठेवला, पण बेताचा, आणि मुक्काम मुख्यतः शिकागोच्या क्लबांत. वुल्फचा हिशेब तर वाखाणण्याजोगा: वादकांच्या पगारातून तो सामाजिक सुरक्षेचे आणि बेकारी विम्याचे पैसे कापून रीतसर भरायचा. या धंद्यात हे जवळजवळ कुणीच करत नसे. म्हातारपणी त्याच्या वादकांना त्याची किंमत कळली.

किंगला चक बेरीचा मार्ग पत्करता आला असता. त्याचं गाणं मात्र तसं नव्हतं. तो गाताना गिटार वाजवत नाही. आवाज थांबला की ल्यूसिल बोलते, ती थांबली की हा. या सवालजवाबाच्या मागे पितळी वाद्यांची फळी उभी लागते, आणि तिला कुठे थांबायचं हे रोजच्या सहवासातूनच कळतं. अनोळखी माणसांबरोबर हे अर्ध्या तासात बसत नाही. वाद्यवृंद मोडला असता तर कर्ज लवकर फिटलं असतं आणि बी. बी. किंग उरला नसता, असं माझं मत. १९६४ च्या २१ नोव्हेंबरला शिकागोच्या रीगल थिएटरात मुद्रित झालेला कार्यक्रम ऐकावा. श्रोते ओळीओळीला किंचाळतात, वाद्यवृंद त्या किंचाळ्यांना जागा ठेवून वाजवतो. ती जागा ठेवण्याचे पैसे म्हणजे ते पगारपत्रक.

तेव्हा त्याने चौथी वाट धरली. दुसरी बस केली, तारखा लावल्या, निघाला.

साठचं दशक

ही वर्षं भराभर सांगतो, कारण ती बरीचशी एकसारखी आहेत: तारीख, गाव, हप्ता. १९६२ पासून तो एबीसी-पॅरामाउंट या बड्या कंपनीकडे गेला, पण श्रोता बदलत होता. तरुण काळी मुलं सोल नावाच्या नव्या संगीताकडे वळली. ब्लूज म्हणजे आजोबांचा कापूस, मागे टाकलेली लाज. एका थिएटरात याच मुलांनी त्याची हुर्यो उडवली आणि त्याला स्टेजवर रडू आलं. १९६६ हे वर्ष तर हात धुऊन मागे लागलं. स्यूने घटस्फोट घेतला. वर्षाचे तीनशे दिवस घराबाहेर असलेल्या नवऱ्याशी संसार करायचा कसा, हा तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. आयकर खात्याने थकबाकीसाठी टाच आणली. आणि बस चोरीला गेली. होय, आख्खी बस.

फेब्रुवारी १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोरमध्ये त्याचा कार्यक्रम लागला. ते सभागृह त्याला जुनं ठाऊक होतं, काळ्या श्रोत्यांचं. बस दाराशी आली तर पायऱ्यांवर लांब केसांची गोरी पोरं पसरलेली. किंगला वाटलं आपण पत्ता चुकलो. आत कार्यक्रमाचा आयोजक बिल ग्रॅहमने चार शब्दांत ओळख करून दिली आणि त्याने एक सूर लावायच्या आधीच सगळं सभागृह उठून उभं राहिलं. तो पुन्हा रडला. आधीच्या थिएटरातलं रडणं आणि हे, दोन्हीच्या मधे फार वर्षं नव्हती.

तरी कर्जात रुतलेली बस सुटली ती टाळ्यांनी नाही. १९६८ मध्ये सिडनी सीडनबर्गने त्याचं व्यवस्थापन हाती घेतलं. सीडनबर्ग मूळचा हिशेबनीस, आकड्यांचा माणूस. किंगच्या वह्या उघडून त्याने आधी देणी मार्गी लावली, रेकॉर्ड कंपनीशी नव्याने बोलणी केली, आणि जुन्या सर्किटच्या जोडीला महाविद्यालयं, जाझ क्लब, लास वेगास, युरोप अशा तारखा लावल्या. रात्री तेवढ्याच, पण एका रात्रीची बिदागी कितीतरी पट. १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या अमेरिका दौऱ्यात तो आधी गायला. त्याच वर्षी ‘द थ्रिल इज गॉन’ मुद्रित झालं, निर्माता बिल शिमचिकने त्यात व्हायोलिनांचा ताफा घातला आणि १९७० मध्ये ते गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत गेलं. ब्लूजच्या इतिहासात संगीतकारांची, निर्मात्यांची नावं भरभरून येतात. हिशेबनिसाचं नाव मी मुद्दाम ठळक लिहितो आहे.

माझ्या पगारपत्रकाच्या सिद्धांताला इथे एक छेद जातो, तो लपवत नाही. कर्ज फिटलं, पैसा आला, आणि तरीही किंग थांबला नाही. सत्तरीतही वर्षाला दोनशेच्या वर कार्यक्रम. १९९० मध्ये मधुमेहाचं निदान झालं, पुढे खुर्चीत बसून गाऊ लागला, पण बस चालूच. रस्त्याची सवय लागली होती म्हणावं, की घरी बसलेल्या रात्रीची धास्ती? त्याच्या लेखी हे दोन वेगळे प्रश्न होते की नाही, कोण जाणे. ३ ऑक्टोबर २०१४ ला शिकागोत तो आजारी पडला आणि त्या दौऱ्याच्या उरलेल्या आठ तारखा रद्द झाल्या. तो ८९ वर्षांचा होता.

१४ मे २०१५ ला लास वेगासमध्ये तो गेला. शव विमानाने मेम्फिसला आणलं, २७ मे ला बील स्ट्रीटवरून मिरवणूक निघाली. शववाहिकेपुढे ल्यूसिल हातात धरून एक ड्रमवादक चालत होता, रॉड ब्लँड. बॉबी ब्लँडचा मुलगा. मग शववाहिका हायवे ६१ ला लागली आणि दक्षिणेकडे निघाली, इंडियानोलाच्या दिशेने. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती.